दुष्काळी पट्ट्यातलं डाळिंब: पाणी मोजून, खत विभागून

सांगोला, आटपाडी, मंगळवेढा, तिकडे नाशिककडचं सटाणा-मालेगाव. वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, जमीन मुरमाड, आणि तरीही याच पट्ट्यात डाळिंब पिकलं. झाड काटक आहे, हलकी जमीन त्याला मानवते, कोरडी हवा तर त्याला हवीच असते. त्यामुळे नवीन माणूस बाग लावताना एकच भीती घेऊन येतो, पाणी कमी पडेल. ती भीती रास्त आहे. पण या भागात फिरताना मला सुकून मेलेल्या झाडांपेक्षा जास्त पाण्याने मेलेली झाडं अधिक दिसतात. मर रोगाने ओळीच्या ओळी जातात तेव्हा बुंध्याशी उकरून पाहा. बहुतेक ठिकाणी माती चिकट, ओली आणि कोंदट वास मारणारी सापडते.

म्हणून हा लेख पहिल्यांदाच बाग लावणाऱ्यांसाठी. यात डाळिंबाच्या पाण्या-खताचंच बोलू. कीड-रोगाचं वेळापत्रक वेगळा विषय आहे. हिशेब सगळीकडे एक एकराचा धरला आहे: साडेचार बाय तीन मीटरवर लागवड, म्हणजे एकरी साधारण 300 झाडं.

लागवडीआधी: उन्हाळ्यातलं पाणी मोजा

विहीर दिवाळीला किती भरली आहे हे पाहून बाग लावू नका. एप्रिल-मे महिन्यात ती किती तास चालते ते पाहा. जुन्या माणसांना विचारा, शेजारच्या बोअरची खोली विचारा. मेमध्ये पूर्ण वाढलेल्या झाडाला दिवसाला सुमारे 30 लिटर लागतं (हा आकडा कसा येतो ते पुढे दाखवतो). 300 झाडांना 9,000 लिटर. चार माणसांचं घर, दोन-चार जनावरं, थोडा चारा, हे सगळं भागवून वर तेवढं पाणी रोज निघत असेल तरच एकर लावा. निघत नसेल तर अर्धा एकर लावा. अर्ध्या एकराची निरोगी बाग एकराच्या तहानलेल्या बागेपेक्षा नक्की जास्त पैसे देते.

शेततळं असेल तर त्याचाही हिशेब कागदावर मांडा. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण उन्हाळ्यात सोलापूरकडे दिवसाला 10 मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं (उघड्या पात्रातलं पाणी किती उडालं यावरून ते मोजतात). भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर आहे. मोजणीच्या पात्रापेक्षा मोठ्या तळ्यातून पाणी थोडं कमी उडतं, तरी दिवसाला सहा हजार लिटरच्या पुढेच जातं. म्हणजे तुमच्या एकरभर बागेच्या गरजेच्या जवळपास दोन तृतीयांश पाणी नुसतं ऊन पिऊन टाकतं. शेडनेटचं आच्छादन, काठाने वारा अडवणारी झाडं, आणि शक्य असेल तर पसरट तळ्याऐवजी खोल तळं, यावर केलेला खर्च वाया जात नाही.

त्यासोबत दोन तपासण्या करून घ्या, माती आणि पाणी. मातीचा नमुना एक फूट आणि दोन फूट खोलीवरून वेगवेगळा घ्या. अहवालात चार गोष्टी पाहा: सामू (पीएच), ईसी (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी. मुक्त चुना जास्त असेल तर पुढे लोहाची कमतरता पाठ सोडणार नाही, हे आत्ताच कळलेलं बरं. पाण्याची ईसी 0.75 डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही, 2.25 च्या पुढे असेल तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय लागवड करू नका. नुकतीच खोदलेली बोअर मार्चमध्ये जे पाणी देते ते ऑक्टोबरपेक्षा खारट असू शकतं, म्हणून नमुना उन्हाळ्यात घ्या.

गादीवाफा आणि ठिबक

खड्ड्यात झाड लावण्याची पद्धत अजून चालते, पण मध्यम किंवा भारी जमीन असेल तर मी गादीवाफ्याचाच आग्रह धरीन. दीड फूट उंच वाफा केला की सप्टेंबरच्या पावसात पाणी मुळाशी थांबत नाही. हलक्या मुरमात खड्डाही चालतो. वाफा भरतानाच चांगलं कुजलेलं शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड मातीत मिसळा. कच्चं शेणखत टाकू नका. त्यातून हुमणी आणि वाळवी येते.

ठिबकच्या दोन नळ्या टाका, ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक. पहिल्या वर्षी खर्च वाचवायला एकच नळी टाकून ती बुंध्याला टेकवून ठेवतात, आणि झाड तीन वर्षांचं झालं तरी नळी तिथेच असते. डाळिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट थरात, फांद्यांच्या सावलीच्या कडेला पसरतात. बुंध्याजवळ ती नसतात. रोप लहान असताना ड्रीपर वीतभर अंतरावर ठेवा आणि झाडाचा घेर वाढेल तशी नळी बाहेर सरकवत न्या. बुंधा कोरडा राहिला पाहिजे.

चढउताराची जमीन असेल तर दाब नियंत्रित करणारे ड्रीपर घ्या. थोडे महाग पडतात, पण वरच्या टोकाला तहान आणि खालच्या टोकाला चिखल होत नाही. फिल्टर पाण्याप्रमाणे निवडा: शेततळ्याचं शेवाळी पाणी असेल तर वाळूचा फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा किंवा डिस्कचा, बोअरमधून रेती येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर). ठिबकसाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अनुदान मिळतं, आणि त्यासाठी पूर्वसंमती लागते. म्हणून आधी अर्ज, मग खरेदी.

बसवल्यावर लगेच एक चाचणी करा. ताशी 4 लिटरचा ड्रीपर मिनिटाला सुमारे 67 मिलिलिटर पाणी देतो. औषधाच्या बाटलीचं मापी झाकण किंवा छोटा मापी पेला घ्या, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या नळीवर प्रत्येकी दोन-तीन ड्रीपरखाली मिनिटभर धरा. फरक दहा टक्क्यांच्या आत असला पाहिजे. हीच चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करा. बाग एकसारखी का दिसत नाही याचं उत्तर अनेकदा या मापात सापडतं.

रोज किती पाणी

शेजारी दोन तास मोटर लावतो म्हणून आपणही दोन तास लावायची, ही सवय मोडा. हिशेब अवघड नाही. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरलं तर ते एक लिटर होतं. म्हणून रोजचं बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला 0.7 ने गुणा (पात्राचा गुणांक), पिकाच्या गुणांकाने गुणा (पूर्ण पालवीच्या झाडाला 0.8 धरा, लहान रोपाला 0.3-0.4), झाडाच्या सावलीच्या क्षेत्राने गुणा आणि शेवटी 0.9 ने भागा, कारण ठिबकही शंभर टक्के काटेकोर नसतं.

उदाहरण घेऊ. झाडाचा घेर अडीच मीटर रुंद, म्हणजे सावली 4.9 चौरस मीटर. मे महिना, बाष्पीभवन 10 मिलिमीटर. 10 × 0.7 × 0.8 × 4.9 = 27.4. त्याला 0.9 ने भागलं की 30 लिटर. झाडाला ताशी 4 लिटरचे चार ड्रीपर असतील तर तासाला 16 लिटर पडतं. मोटर एक तास पन्नास-पंचावन्न मिनिटं पुरे. तेच झाड डिसेंबरमध्ये, बाष्पीभवन साडेचार मिलिमीटर असताना, 14 लिटरही घेत नाही. पाऊण तासापेक्षा थोडं जास्त. म्हणजे मेचं वेळापत्रक डिसेंबरात चालू ठेवणारा माणूस झाडाला दुपटीहून जास्त पाणी पाजतो. बाष्पीभवनाचे आकडे जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा हवामान सल्ल्यात मिळतात.

हिशेब मात्र सुरुवात आहे, खरा निकाल मातीचा. ड्रीपरपासून वीतभर बाजूला नऊ इंच उकरा आणि त्या खोलीची माती मुठीत दाबा. गोळा झाला, पण अंगठ्याने हलकं दाबताच फुटला, तर वाफसा आहे. बोटांतून ओल निघाली किंवा गोळा लोण्यासारखा चेपला तर पाणी जास्त आहे; दोन दिवस मोटर बंद. गोळाच होत नसेल तर कमी. वाफशात मातीच्या पोकळ्यांत पाण्यासोबत हवाही असते, आणि मुळाला श्वास घ्यायला ती हवा लागतेच. नव्या बागायतदाराने आठवड्यातून एकदा बागेत चार ठिकाणी हे उकरणं चुकवू नये. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी सोडणं ही या भागातली सगळ्यात महाग सवय आहे.

हलक्या मुरमात रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं पाणी द्या. काळ्या जमिनीत तीन-चार दिवसांनी, पण तेवढ्या दिवसांचा हिशेब एकत्र करून. सकाळी लवकर किंवा रात्री द्या. वीज रात्रीची असेल तर ते आपसूकच होतं.

आच्छादन करा. उसाचं पाचट, गव्हाचं काड, तुरीच्या काड्यांचा भुगा, जे मिळेल त्याचा तीन-चार इंचाचा थर वाफ्यावर घाला. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर तिथे ओल धरते. आच्छादन घातल्यावर पाण्याच्या वेळा कमी करायला विसरू नका. मुठीची परीक्षा पुन्हा करा.

खारं पाणी असेल तर एवढं लक्षात ठेवा

ठिबकमध्ये पाणी पसरतं तसे क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला जाऊन साठतात. उन्हाळाभर ती पांढरी कड दिसत राहते. मग जूनमध्ये पाच-सात मिलिमीटरचा पहिला हलका पाऊस येतो आणि कडेचे क्षार थेट मुळांकडे ढकलतो. चार दिवसांत पानांच्या कडा करपलेल्या दिसतात आणि माणूस बुरशीनाशक आणायला दुकानात जातो. उपाय सोपा आहे: पहिला हलका पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवा, म्हणजे क्षार आत यायला जागा राहत नाही. नंतर जोरदार पाऊस झाला की क्षार खाली धुऊन जातात आणि मग बंद करायला हरकत नाही.

पहिली दोन वर्षं खत कसं द्यायचं

पहिल्या वर्षी झाडाला वर्षभरात 250 ग्रॅम नत्र, 125 ग्रॅम स्फुरद आणि 125 ग्रॅम पालाश पुरतं. हा आकडा हाताळायला शिका. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणून 250 ग्रॅम नत्रासाठी सुमारे 540 ग्रॅम युरिया. ते दहा महिन्यांत आठवड्याला विभागलं तर झाडाला 12-13 ग्रॅम, म्हणजे सगळ्या एकराला आठवड्याला जेमतेम चार किलो. एवढंसंच? हो, एवढंसंच. बुंध्याशी मूठभर युरिया टाकणाऱ्याला हे पटत नाही, पण कोवळ्या मुळाला ती मूठ भाजून काढते. शिवाय आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत वर टाकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. पाण्यातून दिला तर तो आत मुळाशी पोचतो.

या दोन वर्षांत फळ धरू नका. कळी आली तर खुडा. चार-पाच खोडांचा सांगाडा तयार होऊ द्या.

बहार धरणाऱ्या झाडाचं खत

पाच वर्षांच्या पुढच्या झाडाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: 40 ते 50 किलो शेणखत, 625 ग्रॅम नत्र, 250 ग्रॅम स्फुरद, 250 ग्रॅम पालाश. एकराचं गणित घाला: 12 टनांच्या वर शेणखत, युरियाच्या 45 किलोच्या नऊ गोण्या, सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या नऊ-साडेनऊ, म्युरेट ऑफ पोटॅशच्या अडीच. पाणी खारट असेल तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण म्युरेटमध्ये क्लोराइड असतं. हे वर्षाचं अंदाजपत्रक आहे. माती परीक्षणानुसार त्यात कमी-जास्त करा. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून याच पिकावर काम करतं. तिथला सल्ला घ्यायला संकोच करू नका.

बहार, म्हणजे फुलं-फळं धरायचा हंगाम, कोणता घ्यायचा हे पाणीच ठरवतं. आंबे बहाराला, जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या, ताण चांगला बसतो आणि तेल्या रोगाचा (जिवाणूंमुळे पडणाऱ्या तेलकट डागांचा) त्रास कमी, पण फळ ऐन उन्हाळ्यात पोसावं लागतं. मृग बहाराला, जून-जुलैच्या, पाऊस मदत करतो, तोच पाऊस तेल्याही आणतो. हस्त बहाराची, सप्टेंबर-ऑक्टोबरची, अडचण ताणाची: पाऊस थांबला तरच तो बसतो. पण बसला तर हवा कोरडी मिळते आणि फळं उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात जातात. उन्हाळ्यात ज्याची विहीर आटते त्याने आंबे बहाराच्या नादी लागू नये.

ताण म्हणजे पाणी तोडणं. हलक्या जमिनीत महिनाभर, मध्यम जमिनीत दीड महिना, पानं पिवळी पडून गळायला लागेपर्यंत. एका दिवसात तोडू नका. आठवडाभर कमी करत या. ताणाच्या आधीच्या महिन्यात नत्र देऊ नका, नाहीतर झाड हिरवंच राहतं. उरलेली पानं इथरेल या पानगळ करणाऱ्या रसायनाच्या फवारणीने गळवतात. त्याचं प्रमाण झाडाची अवस्था पाहून ठरतं, म्हणून पहिल्या वेळी जाणकाराला बागेत उभं करून फवारा.

छाटणी झाली की शेणखत, निंबोळी पेंड, सगळं सुपर फॉस्फेट, आणि नत्र-पालाशचा तिसरा हिस्सा सावलीच्या कडेने चर काढून द्या व मातीने झाका. मग पहिलं पाणी. ते भरपूर हवं, दोन फुटांपर्यंत ओल जाईल असं. त्यानंतर मात्र हात आखडता घ्या. कळी निघेपर्यंत आणि सेटिंग (फुलाचं फळ धरणं) होईपर्यंत वाफशापुरतंच पाणी. या काळात पाणी आणि नत्र वाढवलं तर पालवी दाट येते, कळी गळते.

उरलेलं खत ठिबकमधून. पुढचे आकडे म्हणजे विद्राव्य खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशची टक्केवारी. फुटवा आणि कळीच्या वेळी 12:61:0, सेटिंग होऊन फळ लिंबाएवढं होईपर्यंत 19:19:19, फळ पेरूएवढं होताना 13:0:45, आणि रंग भरायच्या काळात 0:0:50. एकरी तीन ते पाच किलो, आठवड्यातून दोनदा, ही सर्वसाधारण मात्रा. पण दुकानदाराच्या यादीवर विसंबू नका; हिशेब करा. 19:19:19 च्या पाच किलोत नत्र फक्त 950 ग्रॅम आहे, म्हणजे झाडाला तीन ग्रॅम. ही महाग खतं योग्य वेळी योग्य अन्न देण्यासाठी आहेत. पोट भरायचं काम शेणखत आणि साधी खतंच करतात. साधा पांढरा युरियाही ठिबकमधून व्यवस्थित जातो.

खत सोडताना वेळेचे तीन भाग करा. एका तासाची पाळी असेल तर पहिली पंधरा मिनिटं नुसतं पाणी, मधला अर्धा तास खत, शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा साधं पाणी. शेवटचं पाणी चुकवलं तर नळीत राहिलेलं खत शेवाळाचं खाद्य होतं. व्हेंचुरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारं साधन) ओढत नसेल तर आधी बायपासचा व्हॉल्व्ह थोडा बंद करून दाबातला फरक वाढवा. विहिरीत खत उलटं जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. त्या विहिरीचं पाणी कुणीतरी पितं.

कॅल्शियम नायट्रेट कधीही 12:61:0, 0:52:34 किंवा 0:0:50 सोबत एका टाकीत मिसळू नका. पांढरा साका खाली बसतो आणि ड्रीपर कायमचे बुजतात. ते वेगळ्या दिवशी द्या. शंका असेल तर काचेच्या बाटलीत चमचा-चमचा मिसळून तासभर ठेवून पाहा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तो लोहाचा केवडा. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट टाकून काही दिवसांत ते मुळाला मिळेनासं होतं. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोहही जास्त सामूत टिकत नाही; जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकार घ्या. पण त्याआधी मुठीची परीक्षा करा. कायम ओल्या राहिलेल्या जमिनीतही हाच केवडा दिसतो, आणि तिथे औषध म्हणजे मोटर बंद करणं.

फळ पोसताना आणि नळी जपताना

फळ तडकण्याची कारणं दोन: बोरॉनची कमतरता, आणि त्याहून मोठं, पाण्यातला चढउतार. मोटर जळाली, आठ दिवस पाणी नाही, मग घाईने चार तास ठिबक सोडलं. तोवर साल राठ झालेली असते, दाणे एकदम फुगतात आणि फळ उकलतं. असा खंड पडलाच तर निम्म्या पाण्याने सुरुवात करा आणि पाच-सहा दिवसांत पूर्ववत करा. भगवा या वाणाला फुलापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने लागतात. त्या सगळ्या काळात पाणी सारखं राहिलं पाहिजे. काढणीच्या तोंडावरही ते एकदम तोडू नका.

नळ्यांची शेवटची टोकं दर पंधरा दिवसांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात अर्ध्या किलोचा (प्रति चौरस सेंटीमीटर) फरक दिसला की तो धुवा. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर जमला तर आम्ल प्रक्रिया करा: हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून शेवटच्या ड्रीपरमधून येणाऱ्या पाण्याचा सामू 4 च्या आसपास आणा, चोवीस तास तसंच ठेवा, मग धुऊन काढा. आम्ल नेहमी पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. शेवाळासाठी क्लोरीनची प्रक्रिया वेगळी असते, आणि ती आम्लासोबत एकाच वेळी करायची नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. मुलांना त्या दिवशी पंपघराकडे फिरकू देऊ नका.

शेवटचं काम वहीचं. तारीख, मोटरच्या वेळा, दिलेलं खत किलोमध्ये, मुठीच्या परीक्षेचा निकाल, कळी कधी निघाली, सेटिंग किती झालं. वेगळी ओळ पाऊस किती पडला त्याची. पुढचा बहार धरायच्या आधी ही वही आणि पानांचा तपासणी अहवाल समोर ठेवून खताचं अंदाजपत्रक नव्याने मांडा, कारण तुमच्या जमिनीचे आकडे शेजाऱ्याच्या जमिनीला लागू पडत नाहीत आणि त्याचे तुमच्या.